कालीपानं घर रिकामं करायला लावलं

ज्या बाईला भांडता येत नाही तिनं घर भाड्यानं देऊ नये, असं सगळ्या इमारतीचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर कालीपालाही ते पटत होतं. पण तोवर उशीर झाला होता. घर घेऊन झालं होतं.

बिश्केक शहराच्या दक्षिणेकडच्या एका पाच मजली जुन्या इमारतीत तिची दोन घरं होती. तळमजल्यावरचं एका खोलीचं घर तिचा नवरा ट्रॉलीबस चालवायचा तेव्हा डेपोकडून मिळालेलं. नवरा गेला, ट्रॉलीबसही गेल्या, घर राहिलं. त्यात ती स्वतः राहायची. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर मात्र तिनं स्वतःच्या गुडघ्यांवर कमावलेलं होतं. मॉस्कोत अकरा वर्षं लोकांचे जिने पुसले, तेव्हा ते उभं राहिलं. टीव्हीवर एक टाय लावलेला माणूस सांगायचा, घर घ्या, भाड्यानं द्या आणि म्हातारपणी पाय पसरून बसा. कालीपानं ते मनावर घेतलं. त्या माणसाकडे तिचा एक तरी भाडेकरू महिनाभर राहायला पाठवायला हवा होता.

पहिल्यांदा दोन विद्यार्थी आले, हिवाळा संपेपर्यंत त्यांचे सात झाले. मग एकानं बाल्कनीत चाळीस लावे पक्षी पाळले आणि ती तक्रार करायला गेली तर रोज सहा अंडी आणून देऊ लागला; दोन महिने ती अंडी खात गप्प बसली. एका नव्या जोडप्यात भांडण झालं की नवरा खाली येऊन सांगे, तिला किल्ली देऊ नका, आणि घटकाभरानं बायको येऊन सांगे, त्याला देऊ नका. कालीपा दोघांना चहा पाजे आणि दोघांनाही किल्ली देऊन टाके. नवऱ्याची पुतणी तर "नात्यात भाडं कसलं, काकू?" म्हणत दीड वर्ष राहिली आणि जाताना स्वयंपाकघरातला दिवाही काढून घेऊन गेली, आठवण म्हणून. मुलगी लग्न होऊन तलासला होती, ती फोनवर आईला ओरडायची, "आपा, तू घरमालकीण आहेस की धर्मशाळा?" कालीपा म्हणायची, "माणसं वाईट नव्हती गं."

अशा नऊ वर्षांनंतर तालंत आणि नुरिला आले, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तो टायरच्या दुकानात कामाला, ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात, दोन लहान मुली. पहिल्याच दिवशी नुरिलानं दारातल्या सगळ्यांच्या चपला भिंतीला लावून जोडीनं ठेवल्या. मॉस्कोच्या जिन्यांवर कालीपा माणसांना पायांवरून ओळखायला शिकली होती. पुसलेल्या ओल्या पायरीवरून कोण बूट आपटत जातं आणि कोण कडेकडेनं जातं, एवढं पाहिलं की तिला पुरायचं. हे कडेकडेनं जाणारे होते.

तरी अट सांगायची ती तिनं सांगितली. ही अट शहरात कुणी कागदावर लिहीत नाही. घरमालक खिडकीबाहेर बघत सांगतो आणि भाडेकरू जमिनीकडे बघत ऐकतो.

"म्हातारं आजारी माणूस इथं आणून ठेवू नका, बाबांनो. पुढचं तुम्हाला कळतं."

पुढचं सगळ्यांनाच कळतं. माणूस गेलं की त्याच्या दारासमोर लोकरी तंबू उभारायचा, त्यात त्याला दोन रात्री ठेवायचं, गावोगावची माणसं हंबरडा फोडत येणार, बायका तंबूच्या भिंतीकडे तोंड करून शोक गाणार, मोठमोठ्या कढया चढणार. स्वतःचं घर असेल तर शेजारी धावून येतात, आपल्या घरात पाहुणे उतरवून घेतात. भाडेकरूंचं माणूस गेलं तर तंबू कुणाच्या दारात लावायचा? आणि एकदा लागला की त्या घराला नाव पडतं. घर बघायला आलेला माणूस आधी बाकावरच्या बायकांना विचारतो, मगच जिना चढतो. कालीपाचं पेन्शन औषधं आणि पिठातच संपायचं. वरचं घर रिकामं पडलं तर तिनं काय खायचं?

गेल्या शरद ऋतूत तालंतची आई आली. उरूकान आपा, वय एकोणऐंशी, डोंगरातल्या अत-बाशीच्या पलीकडच्या गावातली. तालंत कालीपाला थोरल्या बहिणीच्या मानानं एजे म्हणायचा. तो म्हणाला, "एजे, दहा दिवस. फक्त तपासण्या करायच्यात." कालीपा जिन्यातच भेटली, म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपण सगळे म्हणतो तेच म्हणाली, "या आपा, आपलंच घर समजा." म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "समजते. पण भाडं घेतेस ना?"

दहा दिवसांचे चार महिने झाले. आधी म्हातारी स्वतः जिना उतरायची, मग तालंत पाठुंगळी घेऊन उतरवू लागला, मग उतरणंच बंद झालं. दोन इस्पितळांनी हात झटकले. तालंत तिसरं शोधत होता. आजार पोटातला होता आणि तिसऱ्या इस्पितळातही वेगळं काही सांगणार नव्हते, हे सगळ्या जिन्याला कळत होतं, त्याला सोडून.

दुसऱ्या मजल्यावरची तामारा अंगणातल्या बाकावर बसून सगळ्यांचा हिशोब ठेवायची. एके दिवशी तिनं कालीपाला बाजूला बसवून घेतलं.

"अगं, तू डोळे मिटून बसलीयस की काय? म्हातारीचं आता काही खरं नाही. उद्या इथं, या झोपाळ्याजवळ तंबू लागला म्हणजे?"

"ते भले लोक आहेत, तामारा."

"भले आहेत म्हणून मरणार नाहीत का? तू सांगत नसशील तर मी सांगते."

"तू नको. मी सांगेन."

पंधरा दिवस ती सांगण्याची तयारी करत राहिली. पीठ मळताना, बटाटे सोलताना, दुकानाच्या रांगेत. "तालंत, वाईट वाटून घेऊ नकोस" इथून सुरुवात करून बघितली, मग "तालंत, तूच विचार कर" इथून. प्रत्येक वेळी मनातला तालंत मान खाली घालून "बरं एजे" म्हणायचा आणि तिला रडू यायचं. शेवटी एका दुपारी तालंत कामावर आणि मुली शाळेत असताना ती वर गेली. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत म्हणून बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून घेतले, वाटीभर साय घेतली. ज्यांना काढायचं त्यांच्यासाठी तळण काढून न्यायचं, असली घरमालकीण होती ती.

नुरिलानं त्या दिवशी काम घरीच आणलं होतं. शिवणयंत्राशी ती आतल्या खोलीत बसली होती. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या गादीवर म्हातारी उशांना टेकून बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे मात्र तसेच होते.

"ये. नुरिला, चहा दे गं. पियाली भरून दे हिला."

नुरिला दारात थबकली. पाहुण्याला अर्धीच पियाली देतात. भरलेली पियाली म्हणजे उठा आता. कालीपाचा चेहरा पडला तशी म्हातारी हसायला लागली, आणि हसता हसता दुखलं म्हणून पोट धरून थांबली.

"चेष्टा केली. मला भरलेली पियाली द्यायला तू आलीयस, हे मला ठाऊक आहे. नुरिला, तू यंत्र चालव. त्या आवाजात मला बरं बोलता येतं."

यंत्र सुरू झालं. कालीपा बोर्सोकच्या ताटलीकडे बघत बसली. पंधरा दिवसांची तयारी कुठल्या कुठे गेली.

"आपा, मी सहज आले होते..."

"सहज कुणी तळण काढत नाही. ऐक. मला घरी जायचंय. माझ्या अंगणात, नवऱ्याचा तंबू लागला होता त्या जागी मला ठेवायचं. हे मी तालंतला चारदा सांगितलं. तो म्हणतो, आपा, बरी झालीस की नेतो. मी बरी होणार नाही हे त्याला कळत नाही असं नाही. त्याला गावाची लाज वाटते."

"लाज कसली?"

"एकुलता एक मुलगा. आईला उपचाराला शहरात नेली आणि मरायला टेकल्यावर परत आणून टाकली, असं म्हणतील. पैसा वाचवला म्हणतील. कंटाळला म्हणतील. आमचं गाव लहान आहे, तिथं एकदा चिकटलेलं नातवंडांपर्यंत सुटत नाही. म्हणून तो इस्पितळं शोधत बसलाय, आणि मी इथं तुझ्या खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजत बसलेय."

कालीपाच्या लक्षात येईना हे आपल्याला का सांगतायत. म्हातारी जरा पुढं झुकली.

"तू आम्हाला काढ."

"आपा..."

"खोलीत नको सांगूस. अंगणात सांग, चार लोकांसमोर, मोठ्यानं. म्हणजे तो गावी जाऊन सांगू शकेल की मालकिणीनं आठवड्यात बाहेर काढलं, आजारी आईला घेऊन रस्त्यावर थोडाच राहणार होतो. मग गाव तुला नावं ठेवेल. तुला गावात कोण ओळखतं? तुझं काय जातं?"

"इथं ओळखतात ना, आपा."

"हं. ते खरं," म्हातारी म्हणाली. "इथं तुझं जाईल थोडं."

आत यंत्र थांबलं. म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं. यंत्र पुन्हा सुरू झालं.

यात आपलाही फायदा आहे हे न सांगता होकार दिला तर ती चोरी ठरेल असं कालीपाला वाटलं, म्हणून तिनं सांगून टाकलं. "आपा, मी आज तेच सांगायला वर आले होते. तुमच्यासाठी नाही, माझ्या घरासाठी. घराला नाव पडेल म्हणून."

"मग बरंच झालं. ज्याचा त्यात काहीच फायदा नाही, तो असलं काम कशाला करेल? एकच सांगते. तालंतला यातलं कधी कळू द्यायचं नाही. मी असेपर्यंत नाही आणि गेल्यावरही नाही. आईला आपल्याशी बोलून जमलं नाही, परक्या बाईला मध्ये घालावं लागलं, हे कळलं तर तो जन्मभर स्वतःला खात बसेल. तुझ्यावर चिडला तर निदान जेवेल तरी."

कालीपानं शब्द दिला. म्हातारीनं तळहात उघडून तिला आशीर्वाद दिला, आणि मग एक बोर्सोक उचलून नुसता हुंगला. खाता येत नव्हता.

त्यानंतर तीन दिवस कालीपा खालच्या खोलीत बसून राहिली. तिला वाईट वाटत होतं ते लोक काय म्हणतील याचं नव्हतं, म्हणजे तेही होतं, पण मुख्य दुखणं वेगळं होतं. म्हातारीचं काम करायचं ठरवलं तेव्हापासून तिला हलकं वाटत होतं. शब्द तयारच होते. ज्या शब्दांनी पंधरा दिवस तिला रडवलं ते आता बिनदिक्कत तोंडात येत होते, कारण आता ते पुण्याचं काम होतं. आणि तिच्या मनात येई, मी हे आपासाठी करतेय की घर वाचतंय म्हणून? वर जाऊन तालंतला समोर बसवून "तुझी आई घरी जायचं म्हणते, ने तिला" असं समजावता आलं नसतं का? कदाचित आलं असतं. तामारा, मी, इमाम, असे चौघे बसलो असतो तर त्यानं ऐकलंही असतं. पण तोवर म्हातारी इथंच गेली असती तर? हा "तर" कुणासाठी होता, आपासाठी की घरासाठी, ते तिला सांगता येईना. दोन्ही एकाच ताटात वाढलेलं होतं आणि वेगळं करायला काही साधन नव्हतं.

नौरूज, वसंतातला नव्या वर्षाचा सण, जवळ आला होता. रविवारी अर्धी इमारत गालिचे झटकायला अंगणात उतरली होती. तालंत लोखंडी दांडीवर गालिचा टाकून काठीनं बडवत होता. तामारा बाकावर होती, तिच्याशेजारी आणखी दोघी. कालीपा डोक्याचा रुमाल घट्ट बांधून बाहेर आली.

"तालंत."

आवाज मोठा काढायचा होता, तो जरा जास्तच मोठा निघाला. अंगणातल्या सगळ्या काठ्या थांबल्या.

"या आठवड्यात घर रिकामं करायचं."

"काय झालं, एजे?"

"तुझ्या आईला इथं ठेवता येणार नाही. अट सांगितली होती तुला."

तालंतनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात, तिला आवाज कमी करायला सुचवावं तसा म्हणाला, "एजे, आपाची अवस्था तुम्ही पाहून आलात. अशात तिला कुठं हलवू?"

"पाहून आले म्हणूनच सांगतेय."

"असं माणूस घेऊन मला दुसरं घर कोण देईल?"

"गावी तुमचं घर आहे ना? आपल्या घरी ने."

त्यानं काठी दांडीला टेकवली. कालीपानं नजर त्याच्या खांद्यावर ठेवली होती, तोंडाकडे बघायची तिची हिंमत नव्हती. बाकावरून तामारा म्हणाली, "अगं कालीपा, नौरूज तरी होऊ दे. माणसासारखी वाग." पंधरा दिवस जी हिच्या कानाशी लागली होती ती हीच तामारा.

"नौरूजच्या आधी," कालीपा म्हणाली.

"तुम्हीच सांगायचात एजे," तालंत म्हणाला, "मॉस्कोत एका खोलीत बाराजणी राहायचात, मालकीण कधीही येऊन बाहेर काढायची. तुम्ही रडत सांगायचात, आम्ही ऐकायचो."

याची तयारी तिनं केली नव्हती. तालंतनं गालिचा ओढून खांद्यावर टाकला.

"तुमच्या घरात कुणी कधी आजारी पडू नये, एजे. कायम असंच स्वच्छ राहो." एवढं बोलून तो जिन्यात गेला.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी आली. मागची बाकं काढून त्यात गाद्या टाकल्या होत्या. चौघांनी म्हातारीला रजईत घालून खाली आणलं. सामान उचलायला सगळी इमारत आली होती. कालीपाला कुणी हाक मारली नाही. ती पडद्याआड उभी राहून बघत होती. तेवढ्यात म्हातारीचा आवाज आला.

"थांबा. ती मालकीण कुठंय? बाहेर बोलवा तिला. तोंड तरी बघू दे."

कालीपा बाहेर आली. रजईतून म्हातारीनं मान वळवली.

"म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढलंस. हे घर तू जाशील तेव्हा बरोबर घेऊन जा हो. तिकडे भाड्यानं देता येईल."

कुणीतरी "शाब्बास आपा" म्हटलं. कालीपा मान खाली घालून उभी होती. तिनं एकदाच वर पाहिलं, तर म्हातारीच्या डोळ्यांत लहान मुलीसारखा आनंद होता, घरी जायचा आणि सगळ्यांना फसवल्याचाही. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. गाडीचं दार लागलं. नुरिलानं किल्ली तामाराच्या हातात दिली.

त्या दुपारी कालीपा वर गेली. खोल्या घासून पुसून ठेवल्या होत्या, भिंतीला एक डागही नव्हता. तिनं खिडकी उघडली, आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. अगदी साफ उतरलं. घर वाचलं होतं. ते ओझं असं पटकन उतरलं याचाच तिला इतका राग आला की ती रिकाम्या खोलीत, म्हातारीची गादी होती त्या जागेकडे पाठ करून बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दोन दिवसांत घर बघायला तीन माणसं आली. तिनं रंग द्यायचाय म्हणून सांगून परत पाठवली. जिन्यात लोक तिला ओलांडून जाऊ लागले. मॉस्कोतही जायचे, पण तिथं तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

नऊ दिवसांनी तामारानं दार वाजवलं. जिन्याच्या लोकांचा फोनवर एक गट होता, त्यात नुरिलानं लिहिलेलं वाचून ती आली होती. "उरूकान आपा गेली. परवा दफन. झालं तुझं समाधान?" एवढं बोलून ती निघाली, आणि दोन पायऱ्या चढून थांबली. "आम्ही दोघी-तिघी गटातून पैसे पाठवतोय. तू जाऊ नकोस हं. तोंड कुठं लपवशील तिथं?"

कालीपानं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच बसस्थानकावरून अत-बाशीची गाडी धरली. बातमी कानावर आल्यावर जायचं असतं, बोलावण्याची वाट बघायची नसते. आणि मयताला आलेल्याला कुणी दारातून परत पाठवत नाही, मग तो कुणी का असेना. एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर ती सहा तास खिडकीबाहेर बघत गेली. घाटात अजून बर्फ होता.

तंबू अंगणात होता, घराच्या उजव्या हाताला. बाहेर पुरुषांची रांग काठ्यांवर वाकून उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाहून हंबरडा फोडत होती. तालंत पहिला होता. ती येताना दिसली तशी त्याचा आवाज क्षणभर तुटला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि पुन्हा "माझी आई, माझी आई" सुरू केलं. कालीपा आत गेली, नुरिलाच्या गळ्यात पडली, आणि इतकी रडली की शेजारच्या बाईनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"शहरात ओळख झाली होती," कालीपा म्हणाली.

दफनापर्यंत ती मागच्या बाजूला, मयताच्या जेवणासाठी कापलेल्या जनावरांची आतडी थंड पाण्यात धुणाऱ्या बायकांमध्ये बसली. तिथं तिला स्वतःबद्दल बरंच ऐकायला मिळालं. शहरातल्या कुण्या मालकिणीनं या बिचाऱ्यांना कसं हाकललं, तिला कसं भोगावं लागेल, तिच्या घराचं काय होईल. एकीनं तिला विचारलं, "तुम्ही त्या बाईला पाहिलंय का हो?" कालीपा म्हणाली, "पाहिलंय. साधीच आहे दिसायला." कुणी तालंतला एका शब्दानं नावं ठेवत नव्हतं. उलट, काय हाल झाले पोराचे, असंच सगळ्या म्हणत होत्या.

दफन झालं. म्हातारं माणूस गेलं की कापडाचे तुकडे वाटतात, आपल्यालाही तेवढं आयुष्य लाभो म्हणून. नुरिलानं सगळ्यांसारखा तिलाही तुकडा दिला. परतीची गाडी फाटकाशी उभी होती. कालीपा तिच्याकडे निघाली तसा तालंत मागून आला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"एजे, आपा नऊ दिवस जगली इथं. रोज अंगणात बसवायला लावायची. शेवटच्या दिवशी दूध प्यायली."

"बरं झालं," कालीपा म्हणाली.

"भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, तुम्ही कसं काढलंत ते. ती ऐकायची आणि हसायची. मी चिडायचो, म्हणायचो, आपा, यात हसण्यासारखं काय आहे? तर आणखी हसायची." तो थांबला. "ती का हसत होती, एजे? तुम्हाला काही ठाऊक आहे?"

एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. त्या वाक्यानं तिची शहरातली अब्रू परत आली असती, हा मुलगा तिच्या गळ्यात पडून रडला असता. कालीपानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अंगणात त्या दिवशी जमलं नव्हतं, आज जमलं.

"मला घर रिकामं हवं होतं, तालंत."

"एवढंच?"

"हवंच होतं."

तालंतनं बाहीनं डोळे पुसले. मग त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "एजेंना पुढं बसव. मागं धक्के बसतात." कालीपा बसली. तिनं शब्द पाळला होता आणि त्यासाठी तिला खोटं बोलावं लागलं नव्हतं. तिचा आवाज जराही हलला नव्हता, तो त्यामुळेच.